एमटॉर वाढवायचा की दाबायचा?

प्रश्न विचारणारे ५२ वर्षांचे आहेत आणि गेली दोन वर्षं नियमित जिमला जातात. ट्रेनर त्यांना सांगतो, दर तीन तासांनी प्रथिनं घ्या, वरून ल्यूसिन या अमिनो आम्लाची पावडर घ्या, एमटॉर (पेशीने वाढायचं की नाही हे ठरवणारं प्रथिन) सतत चालू राहिला पाहिजे. दीर्घायुष्यावरचे पॉडकास्ट नेमकं उलटं सांगतात: एमटॉर हेच म्हातारपणाचं मूळ, तो दाबा, उपास करा, प्रथिनं कमी करा, जमल्यास रॅपामायसिन हे एमटॉर दाबणारं औषध घ्या. घरात ७८ वर्षांचे वडील आहेत. वर्षभरात त्यांच्या मांड्या बारीक झाल्या आहेत, खुर्चीतून उठताना हातांचा जोर लावावा लागतो. अशा घरात कोणी काय करायचं?

माझं काम पुनर्वसन वैद्यकातलं आहे. हाड मोडल्यावर, पक्षाघातानंतर किंवा नुसत्या वयाने ज्यांचे स्नायू झिजले त्यांना पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करायचं, हा माझा रोजचा उद्योग. म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणांकडे वळतो. दोन्ही बाजू ज्या प्रयोगांचा हवाला देतात ते प्रयोग खरे आहेत. गोंधळ होतो तो वेळेच्या हिशेबात. स्नायूत एमटॉर काही तास जोरात चढणं आणि मग खाली येणं हे निरोगी शरीराचं लक्षण आहे. तोच रात्रंदिवस मधल्याच पातळीवर अडकून राहिला तर ते झिजेचं लक्षण. तुम्हाला चढही हवा आणि उतारही, आणि वडिलांना तर तुमच्याहून जास्त.

या प्रथिनाचा शोध औषधापासून सुरू झाला. १९६४ च्या डिसेंबरात कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंड, या बेटावर गेली. तिथल्या मातीचे नमुने पुढे माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत पोहोचले. सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारा पदार्थ वेगळा केला आणि बेटावरून त्याचं नाव रॅपामायसिन पडलं. तो रोगप्रतिकारशक्तीही दाबतो हे लक्षात आल्यावर बुरशीनाशक म्हणून त्यातला रस संपला आणि कंपनीने प्रकल्प गुंडाळला. सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. पुढे काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ मध्ये सिरोलिमस या नावाने हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी अमेरिकेत मंजूर झालं. एका माणसाच्या चिकाटीमुळे हे सगळं शास्त्र उभं राहिलं आहे, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.

औषध नेमकं कशावर काम करतं हे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला कळलं. मायकेल हॉल, जोसेफ हाइटमन आणि राव मोव्वा यांनी औषध ज्या प्रथिनावर काम करतं त्याची जनुकं यीस्टमध्ये शोधली. तीन वर्षांनी सस्तन प्राण्यांमध्ये तेच प्रथिन सापडलं. रॅपामायसिनचं लक्ष्य (टार्गेट ऑफ रॅपामायसिन, म्हणजे टॉर) म्हणून त्याचं नाव एमटॉर.

हे मोठं प्रथिन आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं आणि इतर प्रथिनांसोबत दोन वेगळे संच करून काम करतं. वाढीचा निर्णय घेतो तो एमटॉरसी-१. दुसरा, एमटॉरसी-२, याचा इन्सुलिनच्या कामाशी जवळचा संबंध आहे. तो औषधाच्या चर्चेत पुन्हा भेटेल. एमटॉरसी-१ काम करतो लायसोसोमच्या पृष्ठभागावर. लायसोसोम म्हणजे पेशीतली ती पिशवी जिच्यात जुनी, मोडकी प्रथिनं विरघळतात. जिथे मोडतोड चालते तिथेच नवं बांधायचं की नाही हे ठरतं.

ठरवण्याआधी तो काही गोष्टी पाहतो. रक्तातून इन्सुलिन आणि आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाचा संदेश आला आहे का, अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, आणि त्यांतही ल्यूसिन पुरेसं आहे का, पेशीत ऊर्जा शिल्लक आहे का. ऊर्जा कमी असली की एएमपीके नावाचं एन्झाइम त्याला थोपवतं. स्नायूत आणखी एक गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे भार. एरवी टीएससी हे प्रथिन एमटॉरसी-१ ला रोखून धरतं. स्नायूवर जोराचा ताण पडला की ते लायसोसोमपासून बाजूला सरकतं असं उंदरांत दिसलं आहे. ताण पेशीला नेमका कसा कळतो, यावर अजून काम चालू आहे. हे सगळे संदेश जुळले की रायबोसोम जोमाने प्रथिनं बनवू लागतात, नवे रायबोसोमही तयार होतात, आणि त्याच वेळी ऑटोफॅजी थांबते. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपलाच निकामी माल, मोडलेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा बनवणारे भाग) वगैरे, मोडून पुन्हा कच्च्या मालात बदलायचा. ही प्रक्रिया कशी चालते हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. तेव्हा एमटॉरसी-१ चढला की बांधणी होते, उतरला की सफाई होते. पेशीला दोन्ही लागतात, पण एका वेळी एकच जोरात चालतं.

आता तुमच्या ट्रेनरची बाजू. १९९९ मध्ये कीथ बार आणि कॅरिन एसर यांनी मोठ्या उंदरांच्या पायांना विजेच्या साहाय्याने व्यायाम दिला. व्यायामानंतर सहा तासांनी एमटॉरच्या पुढची पायरी, एस-६ किनेज, ज्या स्नायूत जितकी जागी होती तितका तो स्नायू सहा आठवड्यांनी वाढलेला दिसला. २००१ मध्ये स्यू बोडीन यांच्या गटाने जास्तीचा भार दिलेल्या उंदरांना रॅपामायसिन दिलं, तर स्नायूंची वाढ जवळजवळ थांबली. माणसांतला पुरावा २००९ चा. टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमधल्या संशोधकांनी तरुण स्वयंसेवकांना पायांच्या व्यायामाआधी रॅपामायसिनचा एक डोस दिला. औषध न घेतलेल्यांत व्यायामानंतर पहिल्या एक-दोन तासांत स्नायूंतली प्रथिननिर्मिती वाढली. औषध घेतलेल्यांत ती वाढलीच नाही. पुढे त्याच मंडळींनी दाखवलं की नुसती अमिनो आम्लं दिल्यावर होणारी वाढही रॅपामायसिनने अडते. एमटॉरला पूर्ण बगल देऊन स्नायू वाढवता येईल असं मानायला जागा नाही. अर्थात भाराखाली होणारी सगळीच वाढ त्याच्या हातात नाही. उंदरांवरच्या अलीकडच्या कामात एमटॉरसी-१ शिवाय होणाराही काही भाग दिसतो.

ट्रेनर चुकतो तो "सतत" या शब्दावर. माणसांना एकाच वेळी ४८ ग्रॅम व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची पावडर, प्यायला देऊन स्नायूंतली प्रथिननिर्मिती तासागणिक मोजलेली आहे. पाऊण तासाने ती झपाट्याने चढते, दीड तासापर्यंत शिखर गाठते आणि तीन तासांच्या सुमारास मूळ पातळीवर येते. लक्षात घ्या, त्या वेळी रक्तात अमिनो आम्लं अजून भरपूर असतात. स्नायू आपण होऊनच घेणं थांबवतो. त्यामुळे दोन जेवणांच्या मध्ये ल्यूसिनचे घोट घेऊन चढ लांबवता येत नाही. चढ खरोखर मोठा आणि लांब करतो तो भार. नीट वजनं उचलल्यानंतर चोवीस तास, काही वेळा त्याहूनही जास्त, स्नायू प्रत्येक जेवणाला अधिक प्रतिसाद देतो. तुमच्या डब्यातल्या ल्यूसिनच्या पावडरीवर जो खर्च होतो त्याचा स्नायूंना फारसा उपयोग नाही.

पॉडकास्टवाल्यांची बाजू २००९ च्याच दुसऱ्या एका निबंधावर उभी आहे आणि तो निबंध खरंच मोठा होता. अमेरिकेतल्या तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी उंदरांना वयाच्या ६०० व्या दिवसापासून, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साधारण साठीनंतर, अन्नातून रॅपामायसिन दिलं. ज्या वयापर्यंत ९० टक्के उंदीर मरतात ते वय नरांत ९ टक्क्यांनी आणि माद्यांत १४ टक्क्यांनी वाढलं. त्याआधी यीस्ट, कृमी आणि फळमाश्यांतही टॉर कमी केल्यावर आयुष्य वाढल्याचं दिसलं होतं. इतक्या दूरच्या जीवांत एकच गोष्ट दिसते तेव्हा ती गांभीर्यानेच घ्यायला हवी. मात्र प्रयोगशाळेतले उंदीर बहुतांशी कॅन्सरने मरतात आणि रॅपामायसिन कॅन्सरची वाढ मंदावतं. त्याच कुळातलं एव्हरोलिमस तर मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर वापरलंच जातं. तेव्हा लांबलेल्या आयुष्यातला किती भाग म्हातारपण मंदावल्याचा आणि किती कॅन्सर लांबल्याचा, हा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय पिंजऱ्यातला उंदीर न्हाणीघरात घसरून खुबा मोडून घेत नाही. माझ्याकडे येणारी वयस्क माणसं मात्र त्याच वाटेने येतात.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हाताऱ्या स्नायूच्या अभ्यासात आहे. वय वाढलं की स्नायू वाढीच्या संदेशाला दाद देईनासा होतो. तरुणाला एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली की प्रथिननिर्मिती शिखर गाठते. सत्तरीच्या माणसाला तेवढ्यासाठी ०.४ ग्रॅम लागतात. व्यायामानंतरचा एमटॉरसी-१ चा चढही त्यांच्यात बुटका असतो. एवढ्यावरून वाटेल की म्हाताऱ्यांत एमटॉर कमी पडतो. पण उपाशीपोटी, विश्रांतीच्या वेळी मोजलं तर वयस्कांच्या स्नायूत एमटॉरसी-१ ची पातळी तरुणांपेक्षा जास्त असल्याचं आढळलं आहे. म्हणजे हवा तेव्हा चढत नाही आणि नको तेव्हा उतरत नाही.

हे न उतरणं किती घातक आहे ते बाझेलच्याच प्रयोगशाळांनी दाखवलं. मार्कुस रुएग यांच्या गटाने उंदरांच्या फक्त स्नायूंमधून टीएससी-१, म्हणजे एमटॉरसी-१ ला रोखणाऱ्या टीएससीचा एक भाग, काढून टाकलं. एमटॉरसी-१ कायमचा चालू राहिला. जिमच्या तर्काने हे उंदीर पैलवान व्हायला हवे होते. झालं उलट. ऑटोफॅजी बंद पडली, पेशींत निकामी माल साचत गेला आणि वय वाढल्यावर स्नायू रोगट होऊन झिजले. २०२० मध्ये याच गटाने म्हाताऱ्या होत चाललेल्या उंदरांना दीर्घकाळ रॅपामायसिन दिलं तर बहुतेक स्नायूंची झीज कमी झाली आणि चेतातंतू जिथे स्नायूला भिडतात ते सांधेही चांगले टिकले. ज्या औषधाने तरुण स्नायूची वाढ अडते त्याच औषधाने म्हातारा स्नायू टिकतो, हे पहिल्यांदा वाचताना खटकतं. चढ-उताराच्या हिशेबाने पाहिलं तर त्यात विसंगती राहत नाही.

सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांना हे चटकन कळेल. उसाला पाण्याच्या पाळ्या लागतात. पाळी चुकली की पीक वाळतं, आणि कृष्णाकाठी जिथे वर्षानुवर्षं पाणी निचऱ्याविना तुंबलं तिथली जमीन क्षारपड झाली, तिच्यात ऊसच काय, गवतही धड येईना.

एमटॉर तुंबतो कशाने? आपल्या बाबतीत उत्तर पोटाच्या घेरात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे त्या एका चित्राने जगाला कळलं. अशा शरीरात इन्सुलिन दिवसभर चढं असतं. सकाळचा गोड चहा, अकराचा चहा, चारचं फरसाण, रात्री साडेदहाचं जेवण, मध्ये तासन्‌तास बसून काम. यकृतात आणि चरबीत एमटॉरसी-१ ला उसंत मिळत नाही. त्यात एक दुष्टचक्र आहे. सतत जागी राहिलेली एस-६ किनेज इन्सुलिनचा संदेश पेशीच्या दारातच कमजोर करते. इन्सुलिन कमी लागू पडतं म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं आणि चक्र चालूच राहतं. एमटॉरची भीती बाळगायची असेल तर ती इथे बाळगा. आठवड्यातून तीन दिवस मारलेल्या स्क्वॉटची आणि त्यानंतरच्या अंड्यांची नको.

उपासाविषयी याच ओघात सांगतो. संध्याकाळी सात-साडेसातला जेवून सकाळपर्यंत काही न खाणं चांगलं आहे. ती उताराची वेळ आहे आणि तुमच्या वयाला ती पुरते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचा लाडू खाऊन मात्र उतार मिळत नाही. स्टार्चने इन्सुलिन चढतंच आणि प्रथिनं तेवढी हुकतात. व्रत म्हणून करा, श्रद्धेचा मी आदर करतो, पण त्याला ऑटोफॅजीचा दिवस म्हणू नका. वडिलांना लांब उपास अजिबात नको. त्यांच्या स्नायूंना गमवायला काही शिल्लक नाही.

प्रथिनांची धास्ती पसरायला २०१४ चा एक अमेरिकन अभ्यास बराच कारणीभूत आहे. त्यात ५० ते ६५ वयोगटात जास्त प्रथिनं खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्याच अभ्यासात ६५ वर्षांवरच्यांत चित्र उलटं होतं, जास्त प्रथिनं खाणारे अधिक जगले. हा अर्धा भाग पॉडकास्टमध्ये सहसा गळतो. शिवाय लोकांनी एका दिवशी काय खाल्लं एवढ्या माहितीवर पुढच्या अठरा वर्षांचा हिशेब मांडलेला होता आणि ती माणसं मांसाहारी अमेरिकन थाळीवर जगणारी होती. आपल्याकडच्या वयस्कांच्या ताटाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

ते ताट कसं असतं? सकाळी चहा-बिस्किटं, मग वाटीभर पोहे: प्रथिनं पाच-सहा ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, ताक: पंधरा ग्रॅम. रात्री "हलकं" म्हणून मऊ खिचडी किंवा दूध-भात: दहा-बारा. दिवसाकाठी तीस ते तेहतीस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रौढांसाठीचं प्रमाण दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. पासष्टीपुढच्यांना दर किलोला १ ते १.२ ग्रॅम द्यावेत असं वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०१३ मध्ये सुचवलं. वडिलांचं वजन साठ किलो धरलं तर साठ ते बहात्तर ग्रॅम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ०.४ च्या हिशेबाने एकेका जेवणात पंचवीस ग्रॅमच्या जवळ जायला हवं. त्यांच्या तीन जेवणांपैकी एकही त्या उंबरठ्याशी पोहोचत नाही.

ज्वारीची गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत ल्यूसिन सुमारे बारा टक्के असतं. धान्यांत हे प्रमाण फार मोठं आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा जीवनसत्त्व ब-३ च्या कमतरतेचा रोग का दिसतो, याचा शोध घेताना डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास याच जास्तीच्या ल्यूसिनकडे बोट दाखवलं होतं. मग भाकरी खाऊन एमटॉर चढेल का? नुसत्या भाकरीने नाही. एकूण प्रथिनं कमी, लायसिन हे दुसरं गरजेचं अमिनो आम्ल फारच कमी, आणि शिजवल्यावर ज्वारीची प्रथिनं पचायला जड होतात. संदेश पोहोचला तरी बांधायला माल अपुरा. तीच भाकरी मटकीच्या दाट उसळीबरोबर, पिठल्याबरोबर आणि वाटीभर दह्याबरोबर खाल्ली की लायसिनची उणीव भरून निघते. ही जोडी आपल्या आज्यांनी शास्त्र न वाचता बसवली. आपण उसळ चमचाभर वाढायला लागलो तिथे ती बिघडली.

वडिलांसाठी सर्वांत सोपा बदल सकाळचा. पोहे अर्धे करा, सोबत दोन अंडी आणि पेलाभर दूध द्या: वीस ग्रॅमच्या वर जातात. अंडी चालत नसतील तर मुगाच्या धिरड्यात पनीर भरा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पंचवीस. मासे खाणाऱ्या घरात बांगड्याचे दोन मोठे तुकडे पुरतात. दात नसतील, भूक मंद असेल, तर व्हेचा एक स्कूप ताकात किंवा दुधात घुसळून द्यायला माझी अजिबात हरकत नाही. व्हे ही पैलवानांची मक्तेदारी नाही, तिचा खरा उपयोग याच वयात आहे. हे सुरू करण्याआधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करा. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर प्रथिनांचा आकडा मूत्रपिंडतज्ज्ञांनीच ठरवायचा.

पण नुसतं खाऊ घालून भागणार नाही, कारण न चालणारा स्नायू जेवणाला दाद देत नाही. निरोगी वयस्कांना दोन आठवडे फक्त चालणं कमी करायला लावलं, रोजची पावलं चौथ्या हिश्श्यावर आणली, तर जेवणानंतरची प्रथिननिर्मिती सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि पायांचे स्नायू जवळपास चार टक्क्यांनी कमी झाले. कोणाला ताप नव्हता, कोणी आजारी नव्हतं. "बाबा, तुम्ही बसा, मी आणतो" हे प्रेमाचं वाक्य किती महाग पडतं, ते मला घराघरांत सांगावं लागतं.

उलट दिशेचा पुरावा तितकाच ठळक आहे. १९९० मध्ये मारिया फियाटारोन यांनी बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या, अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांडीचा जोरदार वजनी व्यायाम करून घेतला. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि मांडीचा स्नायू ९ टक्के भरला. नव्वदीतही एमटॉरला चढता येतं. फक्त त्याला खणखणीत कारण द्यावं लागतं. रबरी पट्टा हलवत दहा मिनिटं बसणं हे कारण होत नाही. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत चेहऱ्यावर कष्ट दिसले पाहिजेत. वजन जड असायलाच हवं असंही नाही. हलक्या वजनाने थकेपर्यंत केलं तरी स्नायू वाढतो, आणि गुडघे दुखणाऱ्यांना तो मार्ग बरा पडतो. जोडीला रोजचं झपझप चालणं ठेवा. वयस्कांत चालण्याच्या व्यायामानंतर स्नायूंकडे जाणारा रक्तप्रवाह सुधारतो आणि इन्सुलिनला ते पुन्हा प्रतिसाद देऊ लागतात. चालल्याने स्नायू जळतो ही जिममधली भीती तुमच्या-माझ्यासारख्यांना लागू नाही.

आता रॅपामायसिन. तुम्ही विचारलंच आहे म्हणून स्पष्ट लिहितो: स्वतःच्या मनाने घेऊ नका, मित्राने परदेशातून आणून दिलं तरी नाही. रोज घेतल्यास ते एमटॉरसी-२ लाही मोडतं आणि रक्तातली साखर वाढवतं. आपल्या मधुमेहप्रवण शरीरांत ही किरकोळ बाब नाही. म्हणून दीर्घायुष्यवाले आठवड्यातून एकदाच डोस घेतात. कल्पना म्हणून ती चढ-उताराच्या तत्त्वाला धरून आहे. पण पुरावा? २०१४ मध्ये वयस्कांना अल्प काळ एव्हरोलिमस देऊन फ्लूच्या लसीला मिळणारा प्रतिसाद सुमारे वीस टक्क्यांनी सुधारला, तेव्हा मलाही आशा वाटली होती. त्याच दिशेने पुढे गेलेल्या एका औषधाची श्वसनसंसर्गांवरची मोठी चाचणी २०१९ मध्ये अपयशी ठरली. निरोगी माणसांना वर्षभर साप्ताहिक डोस दिलेल्या चाचणीत पोटातली चरबी घटली नाही. जास्त डोस घेणाऱ्या स्त्रियांत स्नायूंचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, ते पुन्हा तपासण्याजोगं आहे. माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा आजघडीला नाही. दुष्परिणाम मात्र माहीत आहेत: तोंडात फोड, कोलेस्टेरॉल चढणं, जखम भरायला उशीर, संसर्ग. आपल्या देशात क्षयरोग अनेकांच्या शरीरात झोपलेला असतो, तिथे प्रतिकारशक्तीशी खेळणं वेगळ्या जोखमीचं आहे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी साधी प्रतिजैविकंसुद्धा रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढवू शकतात.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचंही थोडक्यात, कारण तेही "एमटॉर दाबण्यासाठी" घेतलं जाऊ लागलं आहे. २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या ६५ वर्षांवरच्या माणसांनी चौदा आठवडे वजनी व्यायाम केला. ज्यांना मेटफॉर्मिन दिलं होतं त्यांचे स्नायू गोळी न घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. मधुमेह नसताना ते घेण्याचं कारण मला दिसत नाही. मधुमेह असेल तर ते चांगलं औषध आहे. हे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये.

तर तुम्ही: आठवड्यातून तीन दिवस वजनं, पाय टाळायचे नाहीत. तीन जेवणं, प्रत्येकात तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, मधलं चरणं बंद, रात्री लवकर जेवण, झोप पूर्ण. कंबरेचा घेर दर महिन्याला मोजा. ल्यूसिन बंद.

वडिलांसाठी आजच एक चाचणी घ्या. हात छातीवर दुमडून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला सांगा आणि घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, किंवा हात सोडावेच लागले, तर स्नायूंच्या झिजेची नीट तपासणी हवी. आशियाई देशांसाठी २०१९ मध्ये ठरलेला निकष हाच. हाताची पकडही डॉक्टरांकडून मोजून घ्या, पुरुषांत २८ किलोच्या खाली ती कमी समजतात. जीवनसत्त्व ड आणि बी-१२ पाहा. मग आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत: उंच खुर्चीवरून उठा-बस, पायरी चढ-उतर, लेग प्रेस. आठ ते बारा आवर्तनांचे दोन-तीन सेट, दर दोन आठवड्यांनी थोडा भार वाढवत. रक्तदाब काबूत नसेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी. तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तेच घड्याळ.

आणि मध्येच कधी त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं तर दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना विचारा, यांना उठवून उभं कधी करता येईल. दहा दिवसांच्या अंथरुणात निरोगी वयस्कांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेल्याचं मोजलेलं आहे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी येते. तिच्याखाली व्यायाम आणि प्रथिनांचा आकडा लिहून मागा, आणि तो मिळेपर्यंत तिथून हलू नका.